किलोमागे दहा-अकरा ग्रॅम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘देवकणा’वरचा, म्हणजे हिग्ज कणावरचा, लेख दुकानात बसून दोनदा वाचला. रविवार पेठेत ३१ वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय, त्यामुळे ‘वस्तुमान’ शब्द दिसला की नजर तिथेच अडते. लेखात म्हटलंय, विश्वातलं सर्व वस्तुमान हिग्ज कणामुळे आहे. हे चूक आहे.

(मुलगा शाळेत असताना त्याला आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांना न्यायचो. तो कॉमर्सला गेला, नाद मला लागला.)

माझ्या टेबलावरचं एक किलोचं लोखंडी माप घ्या. त्याचं जवळजवळ सगळं वस्तुमान प्रोटॉन-न्यूट्रॉनांत, आणि त्यांच्या पोटात क्वार्क नावाचे आणखी बारीक कण. हिग्ज क्षेत्रामुळे (विश्वभर पसरलेलं, कणांना वस्तुमान देणारं क्षेत्र) क्वार्कांना मिळालेल्या वस्तुमानांची बेरीज केली तर किलोमागे दहा-अकरा ग्रॅम भरते. इलेक्ट्रॉनांचं तर पाव ग्रॅम. उरलेलं सगळं म्हणजे क्वार्कांची धावपळ आणि त्यांना जखडून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा. आइनस्टाइनच्या E = mc² या सूत्राप्रमाणे तीच वस्तुमान म्हणून काट्यावर उमटते. त्या पाव ग्रॅमला मात्र हसू नका. इलेक्ट्रॉनाला वस्तुमानच नसतं तर अणू जमला नसता.

शिवाय वस्तुमान देतं ते क्षेत्र, कण नव्हे. ब्राउट, आंग्लेर, हिग्ज वगैरे मंडळींनी १९६४ मध्ये मांडलेलं हे क्षेत्र रिकाम्या पोकळीतही शून्य नसतं. डब्ल्यू आणि झेड हे क्षीण बलाचे वाहक कण त्याच्यामुळे जड झाले. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, त्याच्या वाटेला जात नाही, म्हणून बिनवस्तुमानाचा राहिला. ४ जुलै २०१२ ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने जाहीर केलेला, सुमारे १३३ प्रोटॉनांइतका जड कण म्हणजे त्या क्षेत्रावरचा तरंग.

आणि लेखातली ती पाकात रुतणाऱ्या चमच्याची उपमा: क्षेत्र म्हणजे पाक, कण म्हणजे चमचा! पाकात चमचा थांबतो. वस्तुमान कुणाला थांबवत नाही, चालता वेग बदलायला तेवढा विरोध करतं.

जाता जाता: त्याच १९६४ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांनीही वस्तुमानाचं कोडं हाती घेतलं होतं. कणाचं वस्तुमान विश्वातल्या बाकीच्या सगळ्या द्रव्यामुळे येतं, अशी त्यांची मांडणी. तो रस्ता नंतर मागे पडला, पण पुण्याच्या वर्तमानपत्रात एक ओळ हवी होती.

‘सर्व’ हा शब्द मागे घेऊन दुरुस्ती छापावी. किलोच्या मापात दहा ग्रॅमची खोट निघाली तर आम्हाला शिक्का मिळत नाही. तुमची चूक ९९० ग्रॅमच्या घरातली आहे.

आपला,
एक काटेवाला, रविवार पेठ, पुणे