रबरबँडमधल्या चिठ्ठीबद्दल

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयाची बिघडलेली हार्ड डिस्क तुमच्या दुकानातून परत देताना तुम्ही तिच्याभोवती रबरबँडने एक चिठ्ठी अडकवून दिली होती. पाठकोऱ्या बिलावर निळ्या पेनाने लिहिलेल्या तीन ओळी. हे पत्र त्या चिठ्ठीसाठी आहे. डिस्क वाचवणारे आणखी कुणी सापडलेही असते, चिठ्ठी लिहिणारं सापडलं नसतं.

आधी काय झालं होतं ते वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. २ टीबीची डिस्क, त्यावर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची रचना), आणि आत वाचनालयाच्या जुन्या हस्तलिखित अंकांची स्कॅन केलेली पानं. एके सकाळी डिस्क माउंट होईना, म्हणजे संगणकाला ती उघडता येईना. ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ हा नेहमीचा संदेश आला. तो संदेश म्हणजे अंगात ताप आहे, एवढंच सांगणारा थर्मामीटर. ताप कशाचा, ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये पाहावं लागतं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की ग्रुप डिस्क्रिप्टर (डिस्कवरच्या ब्लॉकांच्या गटांचा तक्ता) वाचता येत नाही, आणि त्याच्या वरच्याच ओळीत आय-ओ एरर, म्हणजे डिस्कवरून वाचतानाच आलेली चूक. म्हणजे फाइल सिस्टिम बिघडली ती खालची तबकडी बिघडल्यामुळे. ही एक ओळ वाचली असती, तरी पहिल्या दुकानात पुढचं घडलं नसतं.

पहिल्या दुकानाने मूळ डिस्कवरच एफएससीके हा फाइल सिस्टिम दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवला, आणि तेही ‘हायफन वाय’ लावून, म्हणजे विचारशील त्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’. या प्रोग्रॅमला दोष नाही. फाइल सिस्टिम आतून सुसंगत करायची, एवढंच त्याचं काम. तुमची फाइल वाचली की गेली, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एखादा ब्लॉक (फाइल सिस्टिम डिस्कवरची जागा ज्या तुकड्यांत मोजते तो) वाचता आला नाही तर तो आधी विचारतो, ‘एरर सोडून देऊ?’ आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘जबरदस्तीने पुन्हा लिहू?’ दोन्हींना ‘हो’ म्हटलं की त्या जागी शून्यं जातात, डिस्क तो सेक्टर (तिचा स्वतःचा जागेचा तुकडा) बदलून राखीव जागेतला देते, आणि कदाचित दहाव्या प्रयत्नात वाचला गेला असता असा मजकूर कायमचा जातो. आमच्या बाबतीत तो ब्लॉक आयनोडच्या तक्त्यातला निघाला. आयनोड म्हणजे फाइल डिस्कवर कुठे आहे ते सांगणारी नोंद. एक आयनोड २५६ बाइटचा, ब्लॉक ४०९६ बाइटचा. एका ‘हो’मध्ये १६ फाइलींचा पत्ता पुसला गेला. मग डिस्क अडकली, आणि त्यांनी वायर ओढली.

दुसऱ्या दुकानात सल्ला मिळाला की आधी फॉरमॅट करू, मग रिकव्हरी सॉफ्टवेअर लावू. दाराशी उभ्या असलेल्या एकाने डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि वाचणारं हेड त्या ओल्या तबकडीवरून फिरतं, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्याच्यावर राग नाही. पैसे घेणाऱ्यांवर आहे.

तुमच्याकडे आल्यावर तुम्ही आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची क्रमांकवार नोंद ठेवते तिचे, आकडे काढलेत. १९९ क्रमांकावर, म्हणजे केबलमधल्या चुकांवर, शून्य, म्हणून केबलवरचा संशय गेला. १९७ वर २४, म्हणजे वाचायला अडलेले २४ सेक्टर. ५ वर ८, म्हणजे बदलले गेलेले ८. तुम्ही आकड्यांवर बोट ठेवून म्हणालात, ‘आठाच्या पटीत आहेत. आतला खरा सेक्टर ४०९६चा असतो, बाहेर तो ५१२चे आठ तुकडे करून दाखवतो. तीन जागा अडल्यात, आणि एक कुणीतरी पुसलीय.’ डिस्क उघडलीसुद्धा नव्हती आणि पहिल्या दुकानाचा पंचनामा झालेला होता.

क्लोनिंगबद्दल, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत काढण्याबद्दल, फार लिहीत नाही, ते तुमचं रोजचं आहे. पण घरी स्वतः करू पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमला मॅपफाइल दिल्याशिवाय हात लावू नये. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं हे तो तिथे लिहीत जातो, म्हणून मध्ये लाइट गेली तरी काम पहिल्यापासून सुरू होत नाही. आणि पहिल्या फेरीत खरवडायचं नाही. जे सरळ येतं ते आधी घ्यायचं. सेकंदाला १०० एमबी धरले तर २ टीबीला साडेपाच तास लागतात. उरलेल्या दोन-चार जागांवर मग रात्र गेली तरी चालतं, कारण तोवर बाकीचं सगळं दुसऱ्या डिस्कवर सुखरूप असतं. उलट क्रमाने गेलात, तर त्या दोन-चार जागांवर डोकं आपटता आपटता हेड जातं आणि साडेपाच तासांत आलं असतं तेही हाती लागत नाही. तुम्ही टेबल फॅन डिस्ककडे वळवलात आणि स्वतः रुमालाने वारा घेत बसलात, हेही इथे लिहून ठेवतो.

मूळ डिस्क त्यानंतर कपाटात गेली. पुढचं सगळं प्रतीवर. ईएक्सटी४च्या सुपरब्लॉकच्या (फाइल सिस्टिमची मुख्य माहिती असते तो) आणि गटांच्या तक्त्याच्या प्रती डिस्कवर ठरलेल्या जागी असतात. ब्लॉक ४०९६चा असेल तर पहिली ३२७६८ वर, पुढची ९८३०४ वर, मग १६३८४०. हे माहीत असणारे पुष्कळ आहेत. ते कळलं की हात शिवशिवतात आणि माणूस लगेच दुरुस्तीला लागतो. तुम्ही थांबलात. आधी डीबगएफएसमध्ये (फाइल सिस्टिम आतून पाहायचा प्रोग्रॅम) ३२७६८ची प्रत धरून, काहीही न लिहिता, सगळ्या फोल्डरांची यादी काढून घेतलीत. कारण विचारलं तर म्हणालात, ‘त्यांचं एफएससीके पहिल्या फेरीतच अडकलंय. पहिल्या फेरीत आयनोड, दुसरीत फोल्डर. सोळा फाइलींचे पत्ते गेलेत, पण नावं अजून फोल्डरात आहेत. मी आता दुरुस्ती चालवली तर तो नावंही पुसेल.’

तसंच झालं. यादी हातात आल्यावर तुम्ही प्रतीवर दुरुस्ती चालवलीत आणि ती १६ नावं फोल्डरातून गेली. लॉस्ट-अँड-फाउंड या सापडलेल्या फाइलींच्या फोल्डरातही काही आलं नाही, आणि येणारही नव्हतं. तिथे आयनोड शाबूत असून फोल्डरातली नोंद हरवलेल्या फाइली येतात. इथे उलटं होतं. चित्रं मात्र डिस्कवर जागच्या जागी होती. फोटोरेक या प्रोग्रॅमने ती टिफ या चित्रप्रकाराच्या खुणेवरून उचलली, नावाच्या जागी नुसते आकडे घेऊन. एकीकडे १६ नावं, दुसरीकडे १६ चित्रं. पानांवर पृष्ठक्रमांक होतेच. जोड्या लावायला अर्धा तास लागला.

(विंडोजवाल्यांनी हे दुसऱ्याचं म्हणून सोडू नये. ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा’ ही खिडकी आली की ती बंद करायची, आणि चेकडिस्क हा विंडोजचा दुरुस्तीचा प्रोग्रॅमही प्रतीवरच चालवायचा. फाउंड डॉट ००० नावाचं फोल्डर आणि आत नावं गेलेले सीएचके तुकडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना जास्त सांगायला नको. आणि लिनक्सवाल्यांसाठी: ईएक्सटी४ ‘रीड ओन्ली’ लावली तरी जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा लागू केली जाते, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं. सोबत ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो.)

आता चिठ्ठी. ती जशीच्या तशी:

‘१. ब्लॉक १. गटांचा तक्ता. प्रतीवरून भरला.
२. ब्लॉक २६८६०६१. १९६८चा अंक, पान ४२, टिफ. एक रेघ गेली.
३. ब्लॉक ४०२१३३७७. मुखपृष्ठ, जेपेग. खालचा भाग गेला. मूळ असेल तर पुन्हा स्कॅन करा.’

या तीन ओळी लिहायला काय लागतं ते इथे सांगायलाच हवं. डिस्क सांगते तो सेक्टरचा आकडा. दुसऱ्या ओळीमागचा सेक्टर होता २१४९०५३६. त्यातून पार्टिशनच्या (डिस्कवर फाइल सिस्टिमसाठी आखलेल्या भागाच्या) सुरुवातीचे २०४८ वजा करायचे, आठाने भागायचं, म्हणजे ब्लॉक मिळतो. डीबगएफएसमध्ये आयचेक या आज्ञेने ब्लॉकवरून आयनोड, एनचेकने आयनोडवरून फाइलचं नाव. मग ती फाइल उघडून डोळ्यांनी पाहायचं. हे कुणी मागितलं नव्हतं. ‘सगळा डेटा आला’ म्हटलं असतंत तर आम्ही पेढे वाटले असते, आणि लाखभर फाइलींतल्या दोन फुटक्या निघाल्या हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत मूळ वह्यांना वाळवी लागलेली असती.

रद्दीच्या दुकानात कधीकधी असं जुनं पुस्तक मिळतं की ज्याच्या आत पेन्सिलीने ‘शेवटची चार पानं नाहीत’ असं लिहिलेलं असतं. गॅरेजवाला काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून तुमच्या हातात देतो. शिंपी सांगतो की कापड अर्धा वार कमी पडलं, आतल्या बाजूला जोड दिलाय, उलटून बघा. ही माणसं एकाच जातकुळीतली. काम चांगलं करणारे आपल्याकडे कमी नाहीत. जे जमलं नाही ते गिऱ्हाइकाला दिसायच्या आधी स्वतःहून दाखवणारे फार कमी आहेत, आणि त्यांच्या दुकानावर बहुतेक वेळा पाटीही धड नसते. तुमच्या पाटीवरचा ‘रि’ कधीचा पडलाय, तो तेवढा लावून घ्या.

चिठ्ठी आता नव्या डिस्कच्या डब्यात आहे. तिसऱ्या ओळीतला मूळ अंक सुदैवाने कपाटात मिळाला. जेपेगमध्ये मधले ४ केबी गेले की बहुतेकदा खालचं सगळं चित्र बिघडतं, म्हणून या वेळी मुखपृष्ठ टिफमध्ये स्कॅन केलं आणि तिसरी ओळ पेन्सिलीने खोडली.

दुसरी ओळ खोडलेली नाही. १९६८च्या अंकाची मूळ प्रत आता नाही. पान ए-फोर, ३०० डीपीआय, राखाडी छटांत. एका आडव्या ओळीला २४८० बाइट, त्यामुळे ४०९६ बाइट गेले म्हणजे पावणेदोन ओळीसुद्धा गेल्या नाहीत. कागदावर मोजलं तर मिलिमीटरचा सातवा हिस्सा. जिथे शून्यं बसली तिथे ती जागा काळी दिसते, आणि नेमकी ती एका वाक्याच्या माथ्यावरून गेली आहे. पान ४२ चाळणाऱ्याला ती शिरोरेघच वाटते. फक्त दोन शब्दांच्या मधल्या जागेतही ती तुटत नाही.

आपले नम्र,
वाचनालयाचं संगणकाचं टेबल सांभाळणारे