थॅलेसेमियाच्या मुलांच्या हृदयाचा एमआरआय दरवर्षी व्हायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी १७ वर्षांची आहे. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं रक्त तयारच होत नाही असा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी तिला दोन पिशव्या रक्त चढतं. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. गोळ्यांनी निघेल तेवढं निघतं, उरलेलं यकृतात, ग्रंथींत आणि हृदयात साठतं.

इतकी वर्षं आम्ही फेरिटिनवर, म्हणजे अंगातल्या लोहाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीवर, विसंबून होतो. आकडा आटोक्यात, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, म्हणून निर्धास्त. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी हृदयाचा टी-टू-स्टार एमआरआय करायला लावला. लोह साठलं की हृदयाच्या स्नायूतून येणारा सिग्नल लवकर विझतो. किती लवकर, ते मिलिसेकंदांत मोजतात. २० च्या वर असेल तर ठीक. १० च्या खाली म्हणजे हार्ट फेल्युअरचा मोठा धोका. तिचा आकडा आला ११. दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढणारी मुलगी!

या तपासणीला सुई नाही, डाय नाही, क्ष-किरण नाहीत. छातीवर ईसीजीचे स्टिकर, हातात बोलावण्यासाठी रबरी फुगा, आणि काचेपलीकडून टेक्निशियनताई सांगत होत्या, ‘श्वास सोड, आता धरून ठेव.’ बस, एवढंच. त्यानंतर डॉक्टरांनी लोह काढणारी एकाऐवजी दोन औषधं सुरू केली. यंदाचा आकडा १६ आहे.

पण त्यासाठी आम्हाला मुंबई गाठावी लागली, पैसेही खिशातले गेले. आमच्या सरकारी रुग्णालयात रक्त मोफत मिळतं, गोळ्या मिळतात, एमआरआयचं मशीनही आहे. त्यावर मेंदू आणि मणका तपासतात, हृदयातलं लोह मोजत नाहीत. तेवढं सॉफ्टवेअर घ्या, एका माणसाला शिकवा, अशी माझी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे. मग वयाच्या दहाव्या वर्षापासून वर्षातून एकदा ही तपासणी मोफत का होऊ नये? एको बिघडेपर्यंत थांबलं तर फार उशीर झालेला असतो.

परवा शेजारच्या खाटेवर बारा वर्षांचा एक मुलगा रक्त घेत होता. त्याच्या आईने मला फाइल दाखवली. फेरिटिनचे कागद बोटभर जाड. हृदयाचा एमआरआय एकदाही झालेला नाही.

आपली,
थॅलेसेमियाग्रस्त मुलीची आई