टोकन पाठवायच्या आधी हे वाच

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की पर्शियन पिल्लू पसंत पडलंय, फक्त टोकन पाठवायचं बाकी आहे, तेव्हा मी गप्प बसलो कारण तुझी आई शेजारीच होती आणि "मांजर कोणी पैसे देऊन आणतं का" हे तिचं परत सुरू झालं असतं. म्हणून लिहितोय. मांजर घेऊ नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण नोकरी सगळी जनावरांच्या दवाखान्यात गेली माझी, आणि फोटो बघून म्हैस घेतलेला माणूस मी तरी बघितला नाही. सड बघतात, दात बघतात, आईनं किती दूध दिलं ते विचारतात, मग पैशाचं बोलतात. इथं तर तू पुढची बारा-पंधरा वर्षं जिला सांभाळणार ती इन्स्टावर ठरवलीस!

तर पहिलं म्हणजे पिल्लू विकणाऱ्या त्या बाईंच्या घरी जा आणि पिल्लाची आई बघायला माग. पिल्लू नंतर. आई अंगानं कशी आहे, माणसाजवळ येते का पलंगाखाली पळते, घरात लघवीचा भपकारा येतो का, एका खोलीत किती मांजरं कोंडलीत, पिंजऱ्यात आहेत का मोकळी, हे बघितलं की अर्धं कळतं. "आई गावाला आहे", "आम्ही बाहेरच भेटू", "ट्रॅव्हल्सच्या बसनं पाठवून देते" असं काही ऐकलंस तर सरळ नमस्कार करून निघ.

दुसरं, ती म्हणतेय पंचेचाळीस दिवसांचं देते. नको. बारा आठवडे आईजवळ राहू दे. चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची हे पिल्लू आई-भावंडांकडूनच शिकतं, आणि तोवर लसीचे दोन डोस पण होतात (पहिला साधारण आठव्या आठवड्यात, दुसरा त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, रेबीज तीन महिन्यांनंतर). मांजरांचा पार्वो म्हणजे पॅनल्युकोपेनिया लहान पिल्लाला दोन दिवसात संपवतो, म्हणून लसीचं कार्ड बघताना व्हेटचा सही-शिक्का आणि बाटलीवरचं स्टिकर आहे का बघ, नुसत्या पेनानं लिहिलेल्या तारखांवर जाऊ नको.

आता पर्शियनचं खास. या जातीत किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार आहे, पीकेडी म्हणतात. जन्मापासून असतो पण त्रास बरेचदा सहा-सात वर्षांनी दिसायला लागतो, म्हणजे जीव जडल्यावर. आईबापात एकाला जरी असला तरी प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. पण याची डीएनए टेस्ट आहे, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, बास. दोन्ही आईबापाचे रिपोर्ट माग. नुसतं "आमच्याकडे कधी झालं नाही" याला अर्थ नाही. पेडिग्री सर्टिफिकेट, म्हणजे वंशावळीचा कागद, दाखवलं तर त्यातला मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) नंबर आणि मांजरीच्या चिपचा नंबर जुळतो का बघ, आणि कागदच नसतील तर ती छान लांब केसांची मांजर समज आणि भाव पण तसाच कर.

आणि ते पंच फेस पंच फेस काय लावलंयस? म्हणजे चपट्या तोंडाचं ना, नाक जितकं आत तितका श्वासाचा त्रास, डोळे सतत गळतात, खाताना दमतं, त्यात पुण्याचा एप्रिल. डॉल फेस, म्हणजे नाक बाहेर असलेलं, घे की, दिसायला पण बरं. तू पाठवलेला तो दुमडलेल्या कानांचा स्कॉटिश फोल्ड तर डोक्यातून काढूनच टाक. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावरच्या मांजरीपासून ही जात निघाली, पण कान ज्या दोषानं दुमडतात तोच दोष सगळ्या सांध्यांच्या कूर्चेत असतो, पुढं शेपूट ताठ होते, चालताना दुखतं. ब्रिटनमध्ये जीसीसीएफ ही मांजरांच्या जातींची नोंदणी करणारी संस्था त्यांची नोंदणीच करत नाही.

पिल्लू हातात घेतल्यावर: कानात कॉफीच्या चुऱ्यासारखी काळी घाण म्हणजे कानातले माइट्स, बारीक किडे. शेपटीखाली चिकट असेल तर हगवण. पोट ढोलासारखं आणि बरगड्या दिसतायत तर जंत. केस बाजूला करून गोल टक्कल शोध, पर्शियनला नायटा फार, आणि तो तुला पण होईल. पांढरं आणि निळ्या डोळ्यांचं असेल तर मागून टाळी वाजव, त्यात बहिरी बरीच निघतात. कोपऱ्यात गप्प बसलेल्या पिल्लाची दया येऊन तेच उचलू नको, तुझा स्वभाव मला माहितीय.

पैसे देताना चिठ्ठीवर लिहून घे की तीन दिवसात आपल्या व्हेटनं तपासून काही निघालं तर परत घेणार. चांगला ब्रीडर यावर चिडत नाही, उलट तोच तुला विचारेल की खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं. जाळीचं तू अजून केलेलं नाहीस, चौथा मजला आहे, आधी ते कर.

ती सध्या काय खायला घालते ते आणि तीच लिटर (शी-शूची वाळू) पंधरा दिवस चालू ठेव. रविवारी जाणार असशील तर तिथून व्हिडिओ कॉल लाव, कान आणि हिरड्या मला दाखव. आई विचारतेय गणपतीत त्याला पण घेऊन येणार का, म्हणजे सोफ्याची नवी कव्हरं ती आत्ता टाकणार नाही.

बाबा