काकी, तुझा डबा परत करतोय

तीर्थस्वरूप काकीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुझी नात तुला पडवीत बसून वाचून दाखवील. तोंडावर आभार मानले असते तर "गप रे, मोठो साहेब" म्हणून तू मला हाकललं असतंस, म्हणून असं चारचौघांत लिहितोय.

शिमग्याला मुंबईहून आलेल्या पोरांनी आपला भोपळा घोंगडीत घालून उचलला आणि नाक्यावर काजू-बी मोजतात त्या काट्यावर नेऊन ठेवला. ५८ किलो. जगाच्या हिशेबात हे काहीच नाही. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे १,२४७ किलोचा भोपळा काट्यावर चढला होता, म्हणजे दोन-अडीच म्हशी झाल्या. जात तीच, अटलांटिक जायंट. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं फळं निवडत ती तयार केली. तिकडे उन्हाळ्यात दिवस लांब आणि रात्री गार. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या दमट हवेत, भात कापून झालेल्या कुणग्यात ५८ किलो झाला, हे मला अजून खरं वाटत नाही. कारण त्याआधीची दोन वर्षं माझ्या पदरात भोपळ्याच्या नावाने भोपळाच पडला होता.

पहिल्या वर्षी एका दुकानदाराने पाकीट दिलं. पाकिटावर माणसाच्या कमरेएवढा भोपळा छापलेला. आला तो आपला नेहमीचा, चार किलोचा, बाजारात कुणीही विकतो तसा. विचारायला गेलो तर म्हणे तुमची माती बरोबर नाही. दुसऱ्या वर्षी बी खरं मिळालं, पण सल्ला घेतला फोनवरच्या एका 'सरां'चा. त्यांनी पैसे आधी घेतले आणि खतांची यादी पाठवली. यादीत नत्र इतकं की वेल आपल्या मधल्या दगडी गडग्यावरून उडी मारून तुझ्या अबोलीत शिरला. छाटणीबद्दल अवाक्षर नाही, कुठलं फळ ठेवायचं त्याबद्दल नाही. अकरा फळं धरली, एकही पाच किलोच्या वर गेलं नाही. शेवटी मी फोन करत राहिलो आणि ते उचलेनासे झाले. त्यांचं नाव लिहीत नाही. ते हे वाचतील अशी आशाही नाही.

यंदा तू गडग्यापलीकडून वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "ह्या काय रे, वेल की रान?" पदर खोचून आत आलीस. मी बिचकत सांगितलं की हा परदेशी भोपळा आहे, याची रीत वेगळी. तू माडाकडे बोट केलंस. "चुडत बघ. मदी दांडो, दोनय बाजूक पाती. वेल तसोच दिसाक होयो."

काकी, नंतर मी वाचलं, परदेशातले लोक अगदी हेच करतात. मधला वेल सरळ सोडायचा, बाजूच्या फांद्या दोन्हीकडे पसरायच्या, पुढे त्या फांद्यांना फुटणारे फुटवे कोवळे असतानाच खुडायचे. त्यांना ते नाताळच्या झाडासारखं दिसतं, तुला चुडतासारखं दिसलं. खुडताना तू म्हणायचीस, "पोरां होयी, नातवंडां नको." आणि स्वतःची नात तिथेच बाजूला उभी! खुडलेले शेंडे तू ओच्यात घालून घरी नेलेस. ते फेकायचे असतात हे तुला ठाऊकच नव्हतं.

बुडाजवळ धरलेलं पहिलं फळ तू काढायला लावलंस. मागे पानं किती आहेत, त्यावर फळाचं पोट भरतं, म्हणालीस. फळ ठेवायचं ते सात-आठ हातांवर. मी टेप लावून बघितलं, दहा ते बारा फूट. तिकडचे शर्यतवाले नेमकं हेच अंतर सांगतात. फळाशेजारच्या पेरांनी जमिनीत सोडलेली मुळं तू सोडवलीस, कारण फळ फुगलं की वेल वर उचलला जातो, आणि मुळांनी तो धरून ठेवला तर देठच तुटतो. "म्हशीच्या दाव्याक ढील ठेवतंस मा? मगे हेका नको?" फळाखाली वाळू, वर झावळांचा झाप. माकडांसाठी जाळी मी लावली. एवढं एक काम मी माझ्या अकलेने केलं.

आता त्या सकाळबद्दल, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

मधल्या वेलावर दोन फळं राहिली होती. दोन्ही नारळाएवढी. त्यातलं अलीकडचं माझं होतं. म्हणजे पहाटे बॅटरी घेऊन, नरफुलाच्या पाकळ्या सोलून, मादीफुलावर परागकण लावून मी स्वतः धरवलेलं पहिलं फळ. पिवळंधमक, गोल. पलीकडचं जरा बेढब, एका अंगाने चेपलेलं. तू दर तीन दिवसांनी दोघांना सुतळी गुंडाळून गाठ मारत होतीस, आणि बेढबाची गाठ दर वेळी जास्त सरकत होती. मला दिसत होतं. पण मी विषय काढत नव्हतो. दोन्ही ठेवली तर काय बिघडेल, असं एकदा म्हणूनही बघितलं. तू उत्तर दिलं नाहीस. "दिसण्याक काय बघतंस? वाढ बघ," एवढंच म्हणालीस आणि शिंपायला निघून गेलीस.

दुसऱ्या दिवशी मी कोयती घेऊन उभा होतो. किती वेळ, देव जाणे. दोन वर्षं एक फळ धड न झालेला माणूस धरलेलं फळ कापायला उभा आहे, त्याचा हात कसा चालणार? विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ते बोलायला सोपं आहे. तू गडगा ओलांडून आलीस. "सरक. तुझ्याच्यान होवचा नाय ता." माझ्या हातातली कोयती घेतलीस. पण लगेच कापलं नाहीस. आधी डावा हात फळाखाली घातलास, तान्ह्या पोराच्या मानेखाली घालतात तसा. मग देठावर कोयती टेकवून एकदाच ओढलीस. फळ जमिनीवर पडलं नाही. तुझ्या तळव्यात राहिलं. देठातून चीक आला, तो तू पदराने पुसलास आणि फळ पदरातच गुंडाळून घेऊन गेलीस. मला एक शब्द बोलली नाहीस. "रडतंस काय" असंही नाही, आणि डोळे तर भरले होते.

दुपारी नात डबा घेऊन आली. ओलं खोबरं, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. माझ्या भोपळ्याची भाजी. मी पडवीत एकटा बसून सगळी खाल्ली आणि दुखणं कुठच्या कुठे गेलं. 'सरां'ना मी पैसे मोजले होते. तुला मी चहासुद्धा विचारला नव्हता.

वाडीत अशी माणसं अजून आहेत. कुणाच्या विहिरीत बादली पडली तर गळ घेऊन धावतात, रात्री कुणाला ताप चढला तर रिक्षा काढतात, आणि सकाळी त्याचा उल्लेखही करत नाहीत. हिशेब ठेवायची वही त्यांच्याकडे नसतेच. माझ्यासारखे मुंबईहून परत आलेले लोक मात्र आधी फोनवर तज्ज्ञ शोधतात. गडगा कमरेएवढाच आहे, पलीकडे बघायला मला तिसरं वर्ष लागलं.

मोठा भोपळा फोडायच्या वेळी आईने मला हाक मारली, पहिला घाव पुरुषाने घालायचा म्हणून. मी कोयती तुझ्यापुढे धरली. तू हसलीस. "माझ्या घरात बापयो खय आसा? वाट बघीत ऱ्हवलंय तर उपाशी मरान." आणि घातलास घाव. गर केशरी, जाड, थोडा पाणचट. आई म्हणाली पाणचट, मी मान्य करणार नाही.

बिया राखेत घोळून सुपात वाळत घातल्या आहेत, निम्म्या तुझ्या. आणि तुझा डबा इतके दिवस माझ्याकडेच राहिला. मोकळा परत करायचा नसतो म्हणून अडला होता. आज नातीबरोबर पाठवतोय, त्यात घारगे आहेत, त्याच भोपळ्याचे. गूळ जरा जास्त झालाय. झाकण दाबून बसवावं लागतं, ते तुझ्याकडूनच तसं आलं होतं.

तुझा,
गडग्यापलीकडचा झील