नाव न सांगताच निघून गेलेल्यांना

त्या रात्री जिन्यात धूर कोंडला होता आणि बाबा तिसऱ्या मजल्यावर बेशुद्ध पडले होते. तुम्ही अग्निशमन दलाच्या जवानांनी त्यांना खाली आणलंत, आणि आम्ही भानावर येईपर्यंत निघूनही गेलात. नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून इथे लिहितेय.

जाड पोशाख, हेल्मेट, पाठीवर हवेचं सिलिंडर, सगळं मिळून २०-२५ किलोंचं ओझं. ते घेऊन तीन मजले चढायचे, आणि उतरताना वर एक अख्खा माणूस!

खाली येताच छातीवर दाब देणं सुरू झालं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती किमान ५ सेंटिमीटर खाली. दर २ मिनिटांनी तुम्ही जागा बदलत होतात. त्याहून जास्त वेळ तेवढा जोर टिकत नाही, हे मला नंतर कळलं. तुमच्यातल्या एका ताईंच्या कपाळावरचा घाम बाबांच्या शर्टावर टपटपत होता, पण मोजणी चुकली नाही. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मग दोन श्वास. पुन्हा एकपासून.

ताई, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बाबा काल स्वतःच्या पायांनी जिना चढले. तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार.