उजव्या सीटवर बसायला निघालेल्या पोरीला

प्रिय सोनू बेटा,

काल नेटवर्क गेलं अन् बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून हे लिहायलोय. तू म्हणालीस की इन्स्ट्रक्टर व्हायचं म्हणजे आता विमान उजव्या सीटवरून उडवायचं, यॉक (विमान वळवायचं हँडल) उजव्या हातात अन् थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) डाव्या, सगळं उलटं पडायलंय. ते हातात बसून जाईल गं. शेजारी बसलेल्या लेकराला शिकवायचं कसं हा जास्त अवघड भाग आहे, अन् आयटीआयला फिटरची पोरं शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा तिथं मला थोडं बोलता येतं.

आपल्या लातूरची लेकरं तुला माहीतच आहेत, पेपर सोडव, परत सोडव, चुकलेलं पाठ कर. नीटला हे चालतं. डीजीसीएचे, म्हणजे पायलटच्या लायसनचे सरकारी पेपर पण पर्यायांचे, 70 टक्के पाडायचे, त्यामुळं तिथं पण चालून जातं. पण मेटिओरॉलॉजी, म्हणजे हवामानाचा पेपर पास झालेल्या पोराला विचार की रनवे 27 वर, म्हणजे पश्चिमेकडं तोंड करून उतरायलास अन् वारा उत्तरेकडून आहे तर नाक कुठं ठेवशील, निम्मे गप्प बसतील. आणि तू समजावून सांगितल्यावर "समजलं का" विचारलंस की सगळे एका सुरात "हो मॅडम". त्या "हो मॅडम"ला काही अर्थ नसतो. "समजलं का" विचारूच नको, व्हाइटबोर्डचा मार्कर त्याच्या हातात दे अन् म्हण आता तू मला शिकव. ब्रीफिंग खुशाल मराठीत कर, मराठी मीडियमचं लेकरू इंग्रजीत फक्त मान हलवतं. आरटी, म्हणजे रेडिओवरचं बोलणं मात्र इंग्रजीतच, त्याची प्रॅक्टिस जमिनीवर खुर्चीत बसून, डोळे मिटून, हाताच्या हालचालींसकट पूर्ण सर्किट (उडून रनवेभोवती फेरी मारून परत उतरणं) बोलून घ्यायची.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये चार पायऱ्या शिकवल्या होत्या, आधी पोराची तयारी करून घे, मग दाखव, मग त्याच्याकडून करून घे, शेवटी तपास. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जहाजं बांधायला माणसं कमी पडायली तेव्हा चार्ल्स ॲलन नावाच्या माणसानं ही पद्धत बसवलेली. तुमच्याकडं पण तेच, ब्रीफिंग, डेमो, स्टुडंटचा हात, डीब्रीफ. यातली तिसरी पायरी सगळे खातात. नवा शिकवणारा दाखवतच बसतो कारण त्याला स्वतःला छान जमतं ना! आणि पहिल्यांदा जे हातात बसतं ते निघत नाही, पहिल्या महिन्यात कानस चुकीची धरलेलं पोरगं पुढं दोन वर्षं वाकडंच घासतं. तेव्हा रडरवर (शेपटीचा पडदा हलवणाऱ्या पेडलवर) पाय नीट ठेवायचे, बाहेर क्षितिजाकडं बघून उडवायचं, हे पहिल्याच दिवसापासून. समोरच्या मीटरच्या घड्याळांकडंच बघायला लागला तर सरळ कागदानं झाकून टाक.

तू विचारलंस ना, चूक कितीपर्यंत करू द्यायची. यावर मला त्या स्मिथ-बॅरी नावाच्या ब्रिटिश वैमानिकाचं पटतं, तूच पुस्तकातलं वाचून दाखवलं होतंस. 1917 साली इंग्लंडात गोस्पोर्टला त्यानं शाळा काढली, तोपर्यंत शिकवणारे धोक्याच्या हालचाली टाळायचे अन् शिकणारे मरायचे. यानं उलट ॲव्हरो 504 विमानात शिकणाऱ्याला मुद्दाम स्पिनमध्ये (गरगरत खाली पडण्यात) न्यायचं, रबरी नळीतून बोलत बोलत बाहेर काढायला शिकवायचं अन् असं का होतं ते सांगायचं असं सुरू केलं. म्हणजे चूक होऊ द्यायची, पण जिथं सुधारायला उंची शिल्लक आहे तिथंच. तुझी हद्द जमिनीवरच ठरव, अमुक उंचीखाली अमुक स्पीड गेला की मी घेणार, अन् ते पोरालाही आधीच सांगून ठेव. लँडिंगला थोडी उसळी बसली तर बसू दे, गो-अराउंड (न उतरता परत वर उचलणं) त्यालाच करू दे. दरवेळी तू आधीच यॉक ओढलंस तर तो एवढंच शिकेल की मॅडम आहेत. घेताना मात्र "आय हॅव कंट्रोल", समोरून "यू हॅव कंट्रोल", परत तुझं "आय हॅव कंट्रोल", यात कधी ढिलाई नको, दोघांचेही हात यॉकवर किंवा कोणाचेच नाहीत असं होऊ नये.

एखाद्याचं लँडिंग अडकून बसतं, रोज तेच. अशा वेळी सर्किटवर सर्किट देत राहू नको, त्याच्या बापानं वावर विकलेलं असतं नाहीतर लोन काढलेलं असतं अन् तासाचे पैसे धडाधड जात असतात. वर उंचीवर घेऊन जा, स्लो फ्लाइट (अगदी कमी स्पीडला उडवणं) करून घे, नाक कसं जड होतं ते हाताला कळू दे. तो बघतो कुठं तेही बघ, बरेच जण नाकासमोरच्या डांबराकडं बघत राहतात अन् उशिरा ओढतात, नजर रनवेच्या पार टोकाला पाहिजे. आणि उतरल्यावर आधी त्याला विचार काय झालं ते, मग तू बोल.

मे महिन्यातलं आपलं 42 डिग्रीचं ऊन तुला सांगायला नको. हवा पातळ, सेसना विमान जास्त पळून मग उचलतं, दुपारी थर्मलनं (वर चढणाऱ्या गरम हवेनं) वर-खाली आपटतं. नवं लेकरू अल्टिमीटरच्या (उंचीच्या मीटरच्या) मागं पळत बसतं अन् त्याला वाटतं आपल्यालाच येत नाही. पहिले धडे सकाळच्याच स्लॉटला लाव, जमत नसेल तर त्याला आधी सांग की हे हवेमुळं होणार आहे.

सोलोला, म्हणजे एकट्यानं उडवायला, कोणाला सोडायचं ते तुमचे सीएफआय (मुख्य इन्स्ट्रक्टर) ठरवतील, पण त्यांना खरं लिही. वडील फोन करून राहिलेत, बॅचमधल्या सगळ्यांचं झालं, असल्या कारणानं रिपोर्ट गोड करायचा नाही.

आईनं शेंगदाण्याची चटणी अन् धपाटे कुरियर केलेत, रूमवरच्या पोरींनाही दे. आणि रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल कर, मोबाईल नीट उभा करून बोर्डवर मला शिकव की वळताना एलरॉन (पंखावरचे हलते पडदे) असूनही रडर कशाला लागतो, मला ते अजून कळालेलं नाही. मी मधेमधे कशाला कशाला करत विचारणार, चिडायचं नाही.

तुझे
पप्पा