कार्ब्युरेटर बदलण्याआधी

बेळगाव

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून माझे मन शेडमधल्या ट्रकपाशीच आहे. तू बोलत होतीस तेव्हा मागे सुगीची गडबड ऐकू येत होती, आणि अशा घाईत सांगितलेले ध्यानात राहत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गेला, नवा बसवा, असे सांगितले असले तरी तू एवढ्यात होकार देऊ नकोस. काळा धूर येतो, प्लग भिजतात आणि केबिनमध्ये पेट्रोलचा वास भरतो, ही लक्षणे त्याने बरोबर सांगितली. पण पेट्रोल कोणत्या वाटेने जास्त येते हे शोधल्याशिवाय सुटे भाग बदलण्यात अर्थ नाही.

हे मी अनुभवावरून सांगतो आहे. तू लहान होतीस तेव्हा हाच दोष झाला होता आणि एका गॅरेजच्या सांगण्यावरून मी कार्ब्युरेटर नवा घेतला. आठ-दहा दिवस ट्रक उत्तम चालला. नंतर भाताची पोती घेऊन निपाणीला निघालो असताना तवंदीच्या घाटात तो पुन्हा धूर ओकू लागला. उघडून पाहिले तर नव्या कार्ब्युरेटरच्या सुईखाली गंजाचा एक कण अडकला होता, मोहरीपेक्षाही बारीक. टाकी आतून गंजली होती, आणि तिच्याकडे आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. आपल्या एफसी ट्रकला जीपचेच चार सिलिंडरचे, 2,199 सीसीचे पेट्रोल इंजिन आहे, आणि ते चालकाच्या शेजारी, केबिनमध्येच झाकणाखाली बसवलेले आहे. म्हणजे सांडलेले पेट्रोल आणि त्याची वाफ आपल्या मांडीपाशीच साठते. म्हणून सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, ट्रक शेडबाहेर मोकळ्यावर घेऊन दोन्ही दारे उघडी टाकून काम कर. वाळूची बादली आणि भिजवलेले पोते हाताशी ठेव. आसपास कोणालाही विडी ओढू देऊ नकोस. सुटे भाग काढताना बॅटरीची एक वायर सोडून ठेव आणि चाचणीसाठी इंजिन चालू करायचे तेव्हाच जोड. वास येत असताना स्टार्टरला हात लावायचा नाही, आधी सांडलेले पुसून वाळू द्यायचे.

आता मुख्य मुद्दा. कार्ब्युरेटरच्या वाटीचे काम आपल्या पाण्याच्या टाकीवरच्या बॉलकॉकसारखे चालते. पेट्रोल ठरावीक पातळीला आले की फ्लोट, म्हणजे त्यावर तरंगणारा पोकळ डबा, वर उचलला जातो, सुई तिच्या बैठकीवर दाबली जाते आणि पंपाकडून येणारी वाट बंद होते. इंजिनाने पेट्रोल ओढले की फ्लोट खाली येतो आणि वाट पुन्हा उघडते. वाटीतली पातळी मुख्य नळीच्या तोंडापेक्षा थोडी खालीच राहायला हवी. ती वर चढली की इंजिनाने न मागताही पेट्रोल कार्ब्युरेटरच्या हवेच्या वाटेत, म्हणजे घशात, गळते, आणि ओव्हरफ्लो म्हणतात तो हाच.

सगळ्यांत आधी चारही प्लग काढून क्रमाने फडक्यावर मांड. एकच प्लग ओला असेल तर कार्ब्युरेटरला दोष देऊ नकोस, कारण तो चौघांनाही सारखेच पुरवतो; तेव्हा त्या प्लगची वायर किंवा त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे लागेल. चारही ओले असतील तर ठिणगीही पाहून घे, मात्र पेट्रोलच्या वासापासून दूर, कारण करंट कमजोर असला तरी न जळालेल्या पेट्रोलने प्लग असेच भिजतात. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट 20 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि प्लगची 30 थाऊ असावी. फट मोजायच्या पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, कपाटाच्या खालच्या खणात आहेत.

ठिणगी चांगली असेल तर पुढची चाचणी कर. मला ती फार उपयोगाची वाटते आणि तिला काही खर्च नाही. इंजिन बंद ठेवून टाकीकडून पंपाला येणारी रबरी नळी पंपापाशी सोडव, तिच्या तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळ, सांडलेले पूस आणि मग इंजिन सुरू कर. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ते थोडा वेळ चालेल. पातळी उतरत जाईल तसा धूर विरळ झाला, आवाज एकसारखा झाला आणि बंद पडण्याच्या जरा आधी इंजिन सर्वांत चांगले चालले, तर दोष पातळीचाच आहे असे निश्चित समज. धूर शेवटपर्यंत तसाच राहिला तर सुईला हात लावू नकोस. चोकची केबल आत ढकलल्यावर कार्ब्युरेटरवरचा लिव्हर पूर्ण मागे येतो का, आणि एअर क्लीनर चोंदला आहे का, हे पाहा. पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीची केबल आपल्या खानापूरच्या हवेत हमखास जाम होते.

पातळीचा दोष ठरल्यावर वाटीच्या कडेला पेचकसाच्या लाकडी मुठीने हलके दोन-तीन ठोके मारून पाहा. तेवढ्याने गळणे थांबले तर सुईखाली कचरा आहे. थांबले नाही तर वरचे झाकण काढ. सुई उजेडात धरलीस की तिच्या निमुळत्या टोकाभोवती एक बारीक चकचकीत रेघ दिसेल. ती नुसती रेघ असेल तर हरकत नाही; नख फिरवल्यावर ते अडकले, म्हणजे तिथे खाच पडली आहे, आणि मग सुई व बैठक जोडीनेच बदलायची. जुन्या बैठकीत नवी सुई घालून पैसे वाचत नाहीत. नवी बसवल्यावर झाकण उलटे धरून सुई बोटाने अलगद टेकवायची आणि पेट्रोलच्या नळीला स्वच्छ रबरी नळी लावून फुंकायचे. हवा अजिबात जाता कामा नये. बैठकीखालचा वॉशर होता तेवढ्याच जाडीचा घाल, कारण आपल्या सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये त्याच्या जाडीवरच पातळी ठरते.

फ्लोट कानाशी धरून हलव. आत पाणी हलल्यासारखा आवाज आला तर तो फुटला आहे आणि जड होऊन बुडतो आहे. आवाज स्पष्ट नसेल तर घरातून कडक गरम पाणी अंगणात आणून त्यात तो बुडव. जिथून बुडबुडे निघतील तिथे छिद्र. त्यावर कथील लावून आणण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. आत पेट्रोल असताना उष्णता देणे धोक्याचे आहे, आणि कथलाच्या वजनाने फ्लोट पुन्हा खालीच राहतो.

इंजिनावरचा पेट्रोलचा पंपही तपासायचा राहू देऊ नकोस. त्याच्या बुडाच्या छिद्रातून पेट्रोल ठिबकत असेल तर आतला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला आहे. ऑइलची पट्टी काढून वास घे. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय ट्रक अजिबात चालवू नकोस, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाऊन टाकते. आणि आता पेट्रोल पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. जुने रबर त्यात फुगते आणि टाकीतली जुनी घाण सुटून पुढे येते, म्हणून किट घेताना पंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच माग. मला टाकीचीच शंका जास्त आहे. पेट्रोलमधला गाळ साठतो त्या काचेच्या वाटीत तांबूस गाळ दिसला तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय बाकीचे काम टिकणार नाही.

दरम्यान ट्रक वाटेत ओव्हरफ्लो होऊन बंद पडला तर ॲक्सिलरेटर वारंवार मारू नकोस, कारण प्रत्येक दाबागणिक आणखी पेट्रोल आत जाते. दहा-पंधरा मिनिटे थांब, वास गेल्याची खात्री कर, चोक पूर्ण आत ढकल, ॲक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबून तसाच धर आणि मग थोडा वेळच सेल मार.

हवेचा स्क्रू मात्र कोणालाही फिरवू देऊ नकोस. त्याने धूर दोन दिवस कमी दिसेल आणि खरा दोष झाकला जाईल. शेडमधल्या पत्र्याच्या डब्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला एक चांगला फ्लोट आहे, तो तपासून वापर. टाकीची नळी बंद करून इंजिन कसे चालले आणि काचेच्या वाटीत काय दिसले, एवढे मला आधी कळव. गुडघ्याचे टाके निघेपर्यंत मला इथून हलता येणार नाही.

तुझे अप्पा